पाणी कुठून आलं?

सायकलवर घालायचं पावसाळी जॅकेट नवंकोरं असताना कळत नाही. दुकानात ते हँगरवर कोरडं लटकलेलं असतं, आणि कोरडं जॅकेट कुणालाही आवडतं. गिऱ्हाईक ट्रायल रूममध्ये ताठ उभं राहतं, पोट आत घेतं, आरशात डावं-उजवं बघतं. यातली एकही गोष्ट पुढे सायकलवर घडत नाही. जॅकेट खरं वाचलं जातं ते परत करायला नेल्यावर. काउंटरवर ते उलटं करून पसरतात. एकाला पैसे परत हवे असतात, दुसऱ्याला ते द्यायचे नसतात, आणि दोघंही एकेका शिवणीवर बोट ठेवून बोलतात. कवितेच्या वाट्याला एवढा चिकित्सक वाचक क्वचितच येतो.

या लेखातलं जॅकेट पुण्यातल्या एका दुकानातून घेतलेलं, युरोपातल्या एका नावाजलेल्या कंपनीचं. दोघांचीही नावं इथे घेत नाही. रंग गडद निळा, अस्तराच्या बाजूने राखाडी. जूनच्या सुरुवातीला घेतलं, आणि आषाढात चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणीच्या तोंडापर्यंत जाऊन आल्यावर परत करायचं ठरवलं. आतला टी-शर्ट पिळून निघाला होता. तरीही त्याचं रसग्रहणच करावंसं वाटतं, कारण दोन गोष्टी सोडल्या तर ते फार विचाराने बेतलेलं जॅकेट होतं. ज्याने ते कापलं तो माणूस स्वतः सायकल चालवत असणार, याबद्दल मला शंका नाही.

बेतापासूनच सुरू करू. हे जॅकेट घालून सरळ उभं राहिलं की ते ध्यान दिसतं. पुढून आखूड, बेंबीच्या जरा खाली संपणारं. मागून मात्र बसायच्या जागेच्याही खाली लोंबणारं. बाह्या बोटांपर्यंत येणाऱ्या. खांद्यांमागे कापड उगीच जास्त आहे असं वाटतं. पण पुढे वाकून काउंटरच्या कडेवर हँडल धरल्यासारखे हात ठेवले, की सगळं जागच्या जागी बसतं. बाही मनगटाशी थांबते, पाठीवरचं जादा कापड खांद्यांच्या ताणात सामावतं, पोटाशी घडी पडत नाही, आणि मागची शेपटी खोगिराच्या मागे उतरते. ती शेपटी वरून येणाऱ्या पावसासाठी नसतेच. मागचं चाक रस्त्यावरचं पाणी उचलून थेट पाठीच्या कण्यावर फेकतं, त्यासाठी ती असते. वाकलेल्या माणसासाठी कापलेलं वस्त्र उभ्या माणसाला शोभत नाही, आणि शोभूही नये.

आपल्याकडे ही अक्कल जुनी आहे. मावळात आणि कोकणात भातलावणीला बायका डोक्यावर-पाठीवर इरलं घेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांची शाकारणी. पुढून उघडं, खालून उघडं. उभ्याने घेतलं तर बोजड. वाकलं की डोकं, पाठ, कंबर झाकली जाते, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि पोटाखालून वारा खेळतो. तो वारा महत्त्वाचा. इरल्याखाली काम करणारीला घाम येत नसेल असं नाही, पण तो कोंडत नसे. सायकलवाल्यांचा जुना इंग्लिश केप याच तत्त्वाचा: गळ्यात अडकवायची एक झूल, पुढची कड अंगठ्यांत धरायची, खालून सगळं मोकळं. वाऱ्यात त्याचं शीड होतं म्हणून शर्यतवाल्यांनी तो टाकला. पण शाळा-कचेरीला सायकलने जाणाऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला, आणि माझ्या मते उगीच नाही.

कॉलरकडे येऊ. इथे शिंप्याने जीव ओतला आहे. आतून मऊ गोधडीसारखं कापड, आणि चेन जिथे संपते तिथे कापडाचा छोटासा खिसा, म्हणजे चेनचं टोक हनुवटीला टोचत नाही. टोपी नाही. दुकानात टोपी नसलेलं जॅकेट पाहून लोक नाक मुरडतात. पण सायकलवर मान वळवून मागचा ट्रक पाहायचा असतो, आणि टोपी मानेबरोबर वळत नाही. डोळ्यासमोर टोपीची आतली बाजू येते. हेल्मेट आहेच, डोकं भिजू द्यावं. काय गाळायचं हे ज्याला कळलं त्याच्याबद्दल मला नेहमीच आदर वाटतो. चेन दोन्ही टोकांनी उघडणारी, म्हणजे चढावर खालून थोडी वर सरकवता येते आणि छाती झाकलेलीच राहते. मनगटाला वेल्क्रोची पट्टी. पाठीवर एकच खिसा, त्याच्या तळाशी पाणी निथळायला दोन बारीक भोकं. ती भोकं मला फार आवडली. पाणी शेवटी आत येणारच, हे त्या खिशाने मान्य केलं होतं. बाकीच्या जॅकेटने केलं नव्हतं.

आता शिवणी. चार्ल्स मॅकिंटॉश या ग्लासगोच्या रसायनतज्ज्ञाने १८२३ मध्ये पेटंट घेतलं, ते दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर दाबून केलेल्या कापडाचं. कापड जलरोधक होतं, यात वाद नव्हता. पण त्याचे कोट शिवताना शिंप्यांनी सुईने भोकं पाडली आणि पाणी त्या भोकांतून आत आलं. दुसरी तक्रार घामाची: आतला घाम बाहेर जायला वाट नव्हती. दोनशे वर्षं होऊन गेली, कापडं कितीतरी बदलली, पण परत आलेल्या पावसाळी कपड्यांवरच्या मुख्य तक्रारी अजून याच दोन आहेत. शिवण आणि घाम.

शिवणीवरचा आजचा उपाय म्हणजे टेप. शिवण घालून झाली की आतून तिच्यावर गरम हवेने एक पातळ पट्टी चिकटवतात. चांगलं जॅकेट उलटं केलं की या पट्ट्यांचा नकाशा दिसतो, आणि जाणकार आधी तोच पाहतो. खांद्याच्या माथ्यावर शिवण आहे का? या जॅकेटला नव्हती. बाही गळ्यापासूनच तिरकी जोडलेली, त्यामुळे पाऊस सगळ्यात जास्त जिथे आपटतो तिथे अखंड कापड. शाबास! पण तिरक्या बाहीची शिवण आणि बगलेतून कमरेकडे जाणारी शिवण कुठेतरी एकमेकींना भेटणारच, आणि त्या भेटीच्या जागी टेपवर टेप येते. चार जाड थर, त्यावर दिवसभर हातांची हालचाल. जॅकेट फुटतं ते तिथेच. माझ्या जॅकेटच्या उजव्या बगलेत नखाच्या टोकाएवढी टेप सुटली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, बोट फिरवलं की लागत होती.

टेपची कथा इथे संपते, कारण ती साधी आहे. टेप सुटली, पाणी आलं. घामाची कथा जास्त गुंतागुंतीची, आणि तिच्यासाठी टॅग वाचावा लागतो.

टॅगवर दोन आकडे होते: १०,००० आणि १०,०००. पहिला पाणी रोखण्याचा. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती मिलिमीटर उंचीपर्यंत ते गळत नाही, याचं ते माप. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. तीन मजली इमारतीएवढं पाणी डोक्यावर घेऊनही कापड गळणार नाही असा दावा. पावसाच्या थेंबाचा दाब याच्यापुढे किरकोळ. हा आकडा खरा होता, कापडातून एक थेंबही आला नाही. दुसरा आकडा घामाच्या वाफेचा: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते. दहा हजार ग्रॅम म्हणजे दहा किलो. वाचताना छाती दडपते. पण चोवीसने भागा. तासाला चारशे ग्रॅमच्या जरा वर. अंगाभोवती जॅकेटचं कापड साधारण चौरस मीटरभर असतं असं धरा. पिरंगुटच्या चढावर जोर लावणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. म्हणजे प्रयोगशाळेतला सर्वोत्तम आकडा जसाच्या तसा रस्त्यावर उतरला, तरी निम्म्याहून जास्त घाम आतच राहणार. टॅग खोटं बोलत नव्हता. फक्त दिवसाचा हिशेब सांगून तासाचा लपवत होता. शिवाय ही मोजणी करण्याच्या पद्धतीही अनेक आहेत, आणि एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडता येत नाही. कुठली पद्धत वापरली ते टॅगवर छापलेलं नव्हतं.

आणि प्रयोगशाळेतला आकडा रस्त्यावर उतरत नाही, मुळशीला तर नाहीच. वाफ कापडातून आपणहून बाहेर जात नाही. आत दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते. घामेजलेल्या त्वचेजवळ, तेहेतीस अंशांच्या आसपास, बाष्पाचा दाब साधारण ५० मिलिबार असतो. पाच अंशांच्या पावसात, म्हणजे स्कॉटलंडातल्या नोव्हेंबरात, बाहेरची हवा पूर्ण दमट असली तरी तिचा बाष्पदाब ९ मिलिबारसुद्धा होत नाही. फरक चाळिसाच्या वर. आषाढातल्या मुळशीत हवा चोवीस अंश आणि बाष्पाने गच्च भरलेली. दाब ३० च्या जवळ. फरक जेमतेम वीस. तेच कापड, त्याच्या आतला तोच जलरोधक पापुद्रा, तोच माणूस, आणि वाफेला बाहेर ढकलणारा जोर निम्म्यावर. त्यात कापडाच्या बाहेरच्या बाजूला पाणी झटकणारा जो लेप असतो तो चिखलाने, सायकलच्या साखळीच्या तेलाने, घरच्या साबणाने मेला, की कापड पाणी पिऊन जड होतं आणि उरलीसुरली वाटही बंद होते.

काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हाच काव्याचा प्राण मानला. शब्द, अलंकार, गुण, सगळं आपापल्या ठिकाणी असेल तर शोभतं, नाहीतर हसू होतं. हे जॅकेट त्याच्या हाती दिलं असतं तर त्याने दोष नेमका सांगितला असता. गुण पुष्कळ, स्थळ चुकलं. थंड देशातल्या पावसाचं वस्त्र उबदार देशातल्या पावसात आणून ठेवलं, आणि टॅगवर स्थळ-काळाचा उल्लेख नाही.

तिकडे हे वस्त्र काय करतं, याच्या कथा शर्यतीच्या इतिहासात आहेत. ५ जून १९८८. इटलीच्या जिरो शर्यतीत गाव्हिया खिंडीवर बर्फ पडत होतं. डच शर्यतपटू योहान व्हान डर वेल्डे अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत माथ्यावर पहिला पोहोचला, आणि उतरणीवर गारठून थांबला. त्या दिवशी तो पाऊण तासाच्या वर मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने मात्र सकाळीच दुकानातून स्कीइंगचे गरम कपडे आणि हातमोजे आणून ठेवले होते. त्या दिवशी आघाडीवीराची गुलाबी जर्सी हॅम्पस्टेनला मिळाली आणि ती शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहिली. तिथे पावसाळी कपड्याने थंडी रोखायची असते, पाणी दुय्यम. २०१३ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत बर्फामुळे मधला भाग बसने पार करावा लागला. त्या दिवशी कितीतरी जणांच्या अंगावर कास्तेल्ली कंपनीची गाब्बा जर्सी होती. ज्यांचे प्रायोजक दुसरे होते त्यांनी तिच्यावरचं नाव काळ्या मार्करने खोडलं होतं. गाब्बा अर्ध्या बाह्यांची, अंगाला घट्ट, मागे लांब शेपटीची. ती पाणी पूर्ण अडवण्याचं वचनच देत नाही. भिजाल, पण गारठणार नाही, एवढंच म्हणते आणि तेवढं पाळते. पावसाळी कपड्यांच्या साऱ्या वाङ्मयात इतकं प्रामाणिक वस्त्र मला दुसरं दिसलं नाही. अर्थात तेही आषाढात पुण्यात घालून बघू नये.

आता काउंटर. मुलगा पंचविशीचा, सायकल चालवणारा. मनगटापाशी हातमोज्याची गोरी रेघ. जॅकेट हातात घेतल्यावर त्याने पहिला प्रश्न अगदी बरोबर विचारला.

“काका, पाणी बाहेरनं आलं की आतनं?”

“दोन्हीकडनं.”

“आतनं म्हणजे घाम. घाम तर येणारच ना, काका. त्याला कंपनी काय करणार?”

“घामाचं नंतर बोलू. आधी उलटं कर.”

त्याने उलटं केलं. आतल्या राखाडी अस्तरावर दोन प्रकारचे डाग वाळले होते. पाठीवर आणि डाव्या बगलेत पांढुरक्या रेघा, मिठाच्या. उजव्या बगलेत मात्र करडा, कचकचीत डाग, बोटाला माती लागणारा.

“घामाला माती असते का रे?”

तो हसला. उजवीकडेच का, हे त्याला सांगावं लागलं नाही. आपल्याकडे गाड्या सायकलच्या उजव्या अंगाने जातात आणि डबक्यातलं पाणी त्याच अंगावर येतं. त्याने दोन्ही हातांनी कापडाचा द्रोण केला आणि शेजारच्याला त्यात पेलाभर पाणी ओतायला सांगितलं. डावी बगल कोरडी राहिली. उजवीतून काचेवर थेंब पडायला लागले. मग त्याने नखाने टेप चाचपली आणि आत जाऊन मालकांना बोलावून आणलं.

मालकांनी थेंब पाहिले आणि भिंतीवरच्या पाटीकडेही पाहिलं. पाटी नेहमीचीच: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. “साहेब, कंपनीला फोटो पाठवतो, काय म्हणतायत बघू,” असं ते म्हणाले. आवाजात वाईटपणा नव्हता. दुकानदाराचीही अडचण असते. घाम आलेली जॅकेटं परत घेत बसला तर श्रावण उजाडायच्या आत दुकान बंद होईल. मी त्यांना फक्त एवढं सांगितलं की ती पाटी कायद्यात बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत माल परत घ्यावा लागतो. माझ्या बिलावर मुदत नव्हती, आणि तीस दिवस व्हायचे होते.

त्या कायद्यातली दोषाची व्याख्या रसिकाने मुद्दाम वाचावी. फाटलं, तुटलं, एवढ्यावर ती थांबत नाही. विकणाऱ्याने कुठल्याही रीतीने जो दर्जा सांगितला असेल, त्यात जे कमी पडतं तेही तिच्यात येतं. म्हणजे टॅगवरचं प्रत्येक वाक्य कराराचा भाग होतं. “सर्व हवामानांत आतून कोरडं ठेवतं” असं कुणी छापलं, तर मुळशीचा आषाढही त्या “सर्व” मध्ये मोडतो. माझ्या टॅगवर तसं वाक्य नव्हतं, फक्त आकडे होते. चतुर लोक आकड्यांवर थांबतात. म्हणून घामाची तक्रार मी ताणली नाही. तिच्यात निराशा होती, दोष नव्हता, आणि पैसे निराशेचे परत मिळत नाहीत.

टेपचे मात्र मिळाले. मालकांनी आधी क्रेडिट नोट पुढे केली. मी रोख मागितली. त्यांनी चहा मागवला आणि पैसे खात्यावर टाकले. परतीचा एक छापील कागद भरायचा होता. कारण या रकान्यात चार चौकोन: साइज, रंग, दोष, इतर. मी दोषावर खूण केली आणि इतरसमोर लिहिलं: हे जॅकेट थंड पावसासाठी आहे, तसं टॅगवर छापा. मुलाने ते वाचलं, कागदाचा फोटो काढला आणि कंपनीला पाठवतो म्हणाला. तो पाठवेल असं मला वाटतं.

जॅकेटबद्दल माझा निकाल असा: बेत उत्तम, कॉलर अव्वल, खिशाची भोकं दाद देण्याजोगी, बगलेतली टेप नापास, आणि पापुद्रा आपल्या पावसाला गैरलागू. सह्याद्रीतल्या उबदार पावसात चढ चढणाऱ्याला कुठलंही बंद जॅकेट कोरडं ठेवणार नाही, मग किंमत काहीही असो. उतरणीवर वारा अडवायला शंभर-सव्वाशे ग्रॅमचं साधं विंडचीटर पुरतं. ते चढावर काढून पाठीच्या खिशात कोंबता येतं. भिजणं वरून होतं तितकंच खालूनही होतं, आणि खालचं पाणी, मातीचं आणि डबक्याचं, जास्त त्रासदायक. परत आलेल्या पैशांतून मी दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवले, मागच्याला रबरी फडकं लावून, आणि पैसे उरले. मुळशीकडे निघणाऱ्यांनी आधी मडगार्ड घ्यावेत, जॅकेटचं मागून बघावं. आणि जॅकेट घेतलंच, तर पावसाळा संपेपर्यंत बिल आणि टॅग फेकू नयेत.